अमेरिकन कॉलेजांचें सीमोल्लंघन

दसऱ्याच्या दिवशीं गांवाची शीव ओलांडून मोहिमेवर निघण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. पावसाळा सरला, नद्यांचें पाणी ओसरलें, घोड्यांना वाटा मोकळ्या झाल्या, म्हणजे फौजा बाहेर पडत. योगायोग असा कीं, अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉल-संघांच्या मोहिमाहि नेमक्या याच ऋतूंत चालू असतात. ऑगस्टच्या अखेरीस त्यांचा हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबर संपेपर्यंत, आठवड्याला एक याप्रमाणें, प्रत्येक मोठ्या संघाच्या बारा लढती होतात. त्यांतील निम्म्याच्या आसपास स्वतःच्या मैदानावर आणि बाकीच्या दुसऱ्याच्या गांवीं. या दुसऱ्या प्रकारच्या सामन्याची तयारी कशी करतात हें पाहूं लागलें म्हणजे तींत खेळाइतकाच भाग दाणागोट्याचा, कानांचा आणि झोपेचा असतो असें दिसून येतें.

येथें फुटबॉल हा शब्द ऐकून मुंबईचें कूपरेज किंवा कोल्हापुरांतील तालमी-तालमींचे सामने ज्यांच्या डोळ्यांपुढें उभे राहतील, त्यांनीं तें चित्र क्षणभर बाजूला ठेवावें. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायानें क्वचितच मारतात. बहुधा हातांत धरून पळतात किंवा फेकतात. मैदान शंभर यार्डांचें, गडी अकरा-अकरा. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें साधलें तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली कीं सहा गुण. पळणाऱ्याला जमिनीवर लोळविण्यांत हुतुतूंतील पकडीची आठवण व्हावी असा जोर असतो. म्हणून गडी डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्या चढवून उतरतात.

या खेळाचें मर्म मात्र जोरांत नसून आरंभांत आहे. प्रत्येक प्रयत्नापूर्वीं दोन्ही संघ समोरासमोर स्तब्ध उभे राहतात. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार कांहीं ठराविक शब्द उच्चारतो, आणि ठरलेल्या शब्दावर मधला गडी, ज्याला सेंटर म्हणतात, चेंडू मागें देतो. त्याच क्षणीं अकराहि जणांनीं हलावयाचें. एखाद्यानें पळाचा शतांश आधीं पाऊल उचललें तरी संघाला पांच यार्ड मागें जावें लागतें. उशीर केला तर समोरचा धिप्पाड गडी अंगावर येऊन आदळतो. म्हणजे सगळी मदार एका शब्दावर, आणि तो शब्द ऐकूं येण्यावर. परगांवच्या सामन्यांत नेमका तोच ऐकूं येत नाहीं.

परगांवीं गेलेला संघ पंगु कसा होतो याचें उदाहरण या खेळाच्या जन्माबरोबरच सांपडतें. कॉलेजांमधील पहिला फुटबॉल-सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत न्यू ब्रन्सविक येथें झाला. रटगर्स कॉलेजकडे प्रिन्स्टनचे विद्यार्थी आगगाडीनें पाहुणे म्हणून आले होते. एकेका बाजूला पंचवीस गडी, चेंडू वाटोळा, आणि नियम यजमानांचे. यजमान सहा विरुद्ध चार गोलांनीं जिंकले. आठवड्यानें तेच दोन संघ प्रिन्स्टन येथें भेटले. आतां नियम प्रिन्स्टनचे होते, आणि रटगर्सला स्वतः एकहि गोल न करतां आठ गोल पत्करावे लागले. पुढें नियम सर्वत्र सारखे झाले, ही प्रगतीच म्हणावयाची. परंतु मैदान, हवा, घड्याळ आणि प्रेक्षकांचे गळे हे अद्याप यजमानांचेच राहिले आहेत.

या खेळांतील सर्वांत मोठी क्रांति परक्या मैदानांवरच घडली, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. १९०५ च्या सुमारास खेळ इतका दांडगा झाला होता कीं दर हंगामांत कांहीं तरुण प्राणांस मुकत. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून समज दिली. पुढच्या वर्षीं जे नवे नियम झाले त्यांत चेंडू पुढें फेकण्यास प्रथमच परवानगी मिळाली. सेंट लुई विद्यापीठाचे शिक्षक एडी कोकेम्स यांनीं ती सवलत गांभीर्यानें घेतली. उन्हाळ्यांत त्यांनीं आपला संघ विस्कॉन्सिनमधील एका सरोवराकांठीं नेला आणि तेथें फेकीचा सराव करविला. मग ५ सप्टेंबर १९०६ रोजीं वॉकेशा येथील कॅरोल कॉलेजच्या मैदानावर ब्रॅडबरी रॉबिन्सन या खेळाडूनें पहिली कायदेशीर फेक केली. ती कोणाच्याच हातीं लागली नाहीं. दुसरी लागली, आणि तिच्यावर गुण मिळाले. तरीहि पूर्वेकडील जुन्या, नामांकित कॉलेजांनीं या फेकीकडे कित्येक वर्षें पोरखेळ म्हणूनच पाहिलें.

त्यांचे डोळे उघडले ते १९१३ सालीं. इंडियाना प्रांतांत साउथ बेंड येथें नोटर डेम नांवाचें कॅथॉलिक पंथाचें एक कॉलेज आहे. आज त्याचें नांव सर्वतोमुखीं आहे. त्या वेळीं पूर्वेकडे तें फारसें कोणाला ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं तेथें जेसी हार्पर हे नवे शिक्षक आले. हडसन नदीच्या तीरावरील वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या वेळापत्रकांत एक शनिवार मोकळा असल्याचें हेरून त्यांनीं पत्र घातलें आणि सामना ठरविला. लष्करानें खर्चासाठीं हजार डॉलर देऊं केले. सातशेंहून अधिक मैलांचा प्रवास. एवढ्या रकमेंत माणसें किती न्यावयाचीं याचा हिशेब आधीं करावा लागला. अठरा गडी निघाले. बुटांचे जोड मात्र चौदाच होते, असें त्या कॉलेजांत अजून सांगतात. वाटेवर खाण्यासाठीं कॉलेजच्या भटारखान्यांतून फराळाचे डबे भरून दिले होते. पंढरीच्या वारीला निघालेल्या गरीब दिंडीची आठवण व्हावी असा तो थाट होता.

परंतु शिदोरीपेक्षां महत्त्वाची तयारी आधींच झाली होती. त्या उन्हाळ्यांत संघाचा क्वार्टरबॅक गस डोराइस व कर्णधार न्यूट रॉकनी हे दोघे मित्र ओहायो प्रांतांत ईरी सरोवराकांठच्या सीडर पॉइंट या विहारस्थळीं नोकरीला होते. कामांतून सवड मिळतांच ते वाळवंटावर जात. एकानें फेकावें, दुसऱ्यानें पळतां पळतां झेलावें, असा त्यांचा क्रम चाले. त्या काळीं झेल घेणारा थांबून, चेंडू पोटाशीं कवटाळून घेत असे. रॉकनीनें धांवण्याचा वेग न मोडतां, हात पुढें करून बोटांनीं चेंडू अलगद टिपण्याची संवय लावून घेतली. ओल्या वाळूंत पाय रुतत असतां जो चेंडू साधतो, तो हिरवळीवर अधिकच साधणार, हें उघड आहे.

१ नोव्हेंबर १९१३ रोजीं वेस्ट पॉइंटच्या पटांगणावर सामना सुरू झाला. लष्करी गडी अंगानें भारी, पाहुणे हलके. आरंभीं पाहुण्यांना कांहीं सुचेना. मग रॉकनी पाय दुखावल्याप्रमाणें कांहीं वेळ लंगडत राहिला, असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. त्याच्यावर नजर ठेवणारा सैनिक सैल पडला, आणि तोंच रॉकनी वाऱ्यासारखा सुटला. डोराइसची लांब फेक त्याच्या हातांत अचूक आली. मध्यंतराला पाहुणे चौदा, यजमान तेरा. उत्तरार्धांत सैनिकांनीं फेक अडविण्यासाठीं फळी पसरली कीं पाहुणे मधून घुसत, आणि फळी मध्यें गोळा झाली कीं पुन्हा डोक्यावरून फेक. शेवटीं ३५ विरुद्ध १३. डोराइसच्या सतरा फेकींपैकीं बहुतेक सर्व झेलल्या गेल्या, आणि त्यांच्या बळावर संघ सुमारें २४० यार्ड पुढें सरकला. फेकीचा शोध या सामन्यानें लागला असें लोक म्हणतात तें खरें नव्हे. तो मान सात वर्षें आधींचा आहे. पण बलिष्ठाला त्याच्याच अंगणांत नव्या शस्त्रानें नमवितां येतें हें येथें सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालें, आणि तेव्हांपासून परगांवच्या सामन्याची तयारी आगगाडीच्या तिकिटापासून नव्हे, तर उन्हाळ्यांतील वाळवंटापासून सुरू होऊं लागली.

आजची तयारी एका आठवड्याची, पण मिनिटामिनिटाची असते. शनिवारीं सामना संपला कीं रविवारीं दुखापतींची तपासणी आणि पुढच्या प्रतिपक्षाचीं चित्रपटांतून पाहणी. प्रतिपक्षाचा खेळ प्रत्यक्ष जाऊन पाहणें, अथवा कोणाला पाठविणें, कॉलेजांच्या मध्यवर्ती संस्थेनें १९९४ पासून मना केलें आहे. म्हणून दोन्ही संघ आपापल्या सामन्यांचीं चित्रें एकमेकांस देतात. शत्रूला आपली तालीमच दाखविण्याचा हा प्रकार ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण त्यामुळें हेरगिरीचा खर्च वांचतो आणि गरीब कॉलेजालाहि श्रीमंताइकीच माहिती मिळते. मंगळवार-बुधवार कसून सराव, गुरुवारीं हलका, शुक्रवारीं प्रयाण. खेळाडूंच्या अभ्यासाला धक्का लागूं नये म्हणून आठवड्यांत वीस तासांहून अधिक वेळ खेळाकडे देववूं नये असा नियम आहे, आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा लागतो. प्रवासाचे तास मात्र या वीसांत धरीत नाहींत. विमानांत मांडीवर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला हा हिशेब कितपत पटत असेल तो त्यालाच ठाऊक.

सरावांत प्रतिपक्षाची भूमिका कोणी तरी करावी लागते. ती राखीव गड्यांकडे येते. या राखीव संघाचीं मुलें आठवडाभर परक्या संघाच्या चाली पाठ करून, त्या संघांतील नामांकित गड्यांचे क्रमांक पाठीवर घेऊन, स्वतःच्याच मित्रांशीं झुंजतात आणि मार खातात. त्यांतील कित्येकांना शिष्यवृत्तीहि नसते. केवळ हौसेनें आलेलीं असतात. घरच्या सामन्याला हीं सर्व मुलें गणवेष घालून रांगेंत उभीं राहतात. परगांवीं मात्र तसें नाहीं. २०२५ पासून बहुतेक मोठ्या संघांची मर्यादा १०५ खेळाडूंची आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं पाहुण्या संघाला सुमारें सत्तर गडीच नेतां येतात. उरलेले पस्तीस मागें राहतात. प्रयाणापूर्वीं यादी लागते. त्या यादीभोंवतीं जमलेल्या मुलांचे चेहरे, परीक्षेचा निकाल लावतांना कोणत्याहि शाळेच्या व्हरांड्यांत दिसतात त्याहून निराळे नसतात. ज्यानें आठवडाभर प्रतिपक्षाच्या वीराचें सोंग हुबेहूब वठविलें, त्याला त्या खऱ्या वीराला पाहण्यासाठीं शनिवारीं पडद्यासमोर बसावें लागतें.

आतां कानांविषयीं. मिशिगन विद्यापीठाच्या प्रेक्षागारांत एक लाख सात हजारांहून अधिक माणसें बसतात. यजमानांचा चेंडू असला कीं हा समुदाय शांत, पाहुण्यांचा असला कीं एकच गर्जना. ८ ऑक्टोबर १९८८ रोजीं लुइझियाना येथें ऑबर्नचा संघ पाहुणा असतां यजमानांनीं शेवटच्या दोन मिनिटांत गुण केले आणि सामना सात विरुद्ध सहा असा जिंकला. त्या क्षणींच्या उड्यांची व आरोळ्यांची नोंद विद्यापीठाच्या भूकंपमापकावर उमटली. अशा कोलाहलांत क्वार्टरबॅकचा शब्द चार हातांवरील सेंटरलाहि पोंचत नाहीं. म्हणून परगांवच्या सामन्यापूर्वींच्या सरावांत मैदानाभोंवतीं मोठे ध्वनिक्षेपक मांडून त्यांतून सतत गोंगाट सोडतात. शेजाऱ्यांना त्याचा उपद्रव होतो, पण त्याला इलाज नाहीं. त्या गोंगाटांत मूक आरंभाचा अभ्यास चालतो: क्वार्टरबॅक पाय उचलून किंवा हात दाखवून सूचना देतो, सेंटरशेजारचा गडी मागें वळून ती पाहतो आणि सेंटरला हळूच थाप मारतो, सेंटर मान हलवितो आणि ठरलेल्या अंतरानें चेंडू मागें देतो. बाकीच्यांनीं कान मिटून डोळ्यांनीं त्या चेंडूकडे पाहावयाचें. एरवीं ज्याचें लक्ष समोरच्या गड्यावर असावयाचें, त्याला तें क्षणभर काढून घ्यावें लागतें. तेवढाच त्याचा तोटा आणि समोरच्याचा नफा. २०२४ पासून एका खेळाडूच्या शिरस्त्राणांत शिक्षकाचा आवाज बिनतारी यंत्रानें पोंचविण्यास परवानगी मिळाली आहे, पण ऐकणारा एकच, आणि चाल सुरू करण्याच्या मुदतीचे पंधरा सेकंद उरले कीं तो आवाजहि बंद होतो. बाकी दहा जणांसाठीं थापच.

या मूक युक्तीचे खरे आद्य गुरु म्हणजे वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या बधिरांच्या कॉलेजचे विद्यार्थी होत. १८६४ सालीं राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीनें या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. हातवाऱ्यांनीं बोलणाऱ्या खेळाडूंचा बेत प्रतिपक्षाच्या बधिर गड्यांना दुरून वाचतां येई. म्हणून १८९४ च्या सुमारास तेथील क्वार्टरबॅक पॉल हबर्ड यानें आपले गडी वर्तुळांत गोळा करून, मध्यें हात लपवून बोलण्याची रीत काढली. आज जगभर कित्येक संघ चालीपूर्वीं असें कोंडाळें करतात, त्याचें श्रेय याच मुलांना देतात. पुढें त्या संघानें मैदानाच्या कडेला मोठा ढोल ठेवला. त्याचे ठोके कानांनीं नव्हे, तर अंगांनीं ओळखून गडी एकदम हलत. एक लाख लोकांच्या गर्जनेंत बधिर झालेला आजचा संपन्न संघ शेवटीं त्यांच्याच वाटेनें जातो.

हवेचा प्रश्न निराळा. वायोमिंग प्रांतांत लॅरेमी येथील मैदान समुद्रसपाटीपासून ७,२२० फूट उंच आहे. कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट, म्हणजे तेथील गडी आपल्या सर्वोच्च शिखराहूनहि अठराशें फूट वर पळतात. तेथें एका श्वासांत मिळणारा प्राणवायु सपाटीच्या मानानें सुमारें पाव हिश्श्यानें कमी पडतो. यजमानांना त्याची संवय. पाहुण्यांच्या स्वागताला हा आंकडाच ठळक लिहून ठेवलेला असतो. अंगाला ही उंची मानवण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. एक दिवस आधीं जाऊन कांहीं साधत नाहीं. गडी वारंवार बदलणें आणि पाणी भरपूर पिणें एवढाच उपाय हातीं राहतो.

घड्याळाची अडचण अलीकडे वाढली आहे. २०२४ मध्यें पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठें बिग टेन या मध्य-पश्चिमेंतील जुन्या मंडळांत सामील झालीं. त्याच मंडळांत अटलांटिक किनाऱ्याजवळचें रटगर्सहि आहे. लॉस एंजलिसचा संघ न्यू जर्सीत दुपारीं बारा वाजतां मैदानावर उतरला तर त्याच्या गांवीं सकाळचे नऊ वाजलेले असतात. सामन्यापूर्वीं चार तास भोजन करण्याचा प्रघात. म्हणजे त्या मुलांच्या पोटांत पहांटे पांचला जेवण ढकलावयाचें. म्हणून कांहीं संघ आठवड्याच्या आरंभापासून सराव व झोप अलीकडे ओढतात, किंवा एक दिवस आधीं निघतात, आणि तो दिवस वर्गांतून जातो. या विस्ताराचें कारण दूरदर्शनच्या प्रक्षेपणाचा पैसा हें आहे, शिक्षण नव्हे, हें कोणी लपवीतहि नाहीं. फुटबॉलचा सामना निदान आठवड्यांतून एकदांच असतो. त्याच मंडळांतील इतर खेळांच्या मुलामुलींना हेच अंतर आठवड्यांत अनेकदां तोडावें लागतें.

सामानाची व्यवस्था हें स्वतंत्र खातें आहे. खेळाडू विमानानें जाण्यापूर्वींच मोठी मालमोटार रस्त्यानें सुटते. तींत शिरस्त्राणें, गाद्या, हिरवळीसाठीं एक आणि कृत्रिम गवतासाठीं दुसरे असे बूट, पावसाळी कपडे, औषधें. चौदा जोडांवर अठरा गडी चालविण्याचे दिवस गेले.

प्रवासाची खरी किंमत मात्र १९७० सालीं कळली. २ ऑक्टोबर रोजीं विचिटा स्टेट विद्यापीठाचा संघ दोन विमानांतून यूटाकडे सामन्यास निघाला होता. त्यांतील एक कोलोरॅडोच्या डोंगरांत कोसळलें आणि ३१ जण गेले. दुसऱ्या विमानांतील मुलें सुखरूप उतरलीं. सहा आठवडे लोटतात न लोटतात, तोंच १४ नोव्हेंबरला पश्चिम व्हर्जिनियांतील मार्शल विद्यापीठाचा संघ ग्रीनव्हिल येथें चौदा विरुद्ध सतरा असा हरून परत येत असतां, हंटिंग्टन या आपल्या गांवापासून हाकेच्या अंतरावर त्याचें विमान टेकडीवर आदळलें. ७५ पैकीं कोणीहि वांचलें नाहीं. खेळाडू, शिक्षक, गांवांतले डॉक्टर व प्रतिष्ठित नागरिक. कांहीं घरांत आईबाप दोघेहि गेले. खेळच बंद करावा असें पुष्कळांचें मत होतें. तसें झालें नाहीं. पुढच्या वर्षीं पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळविण्याची खास परवानगी घेऊन नवा संघ उभा राहिला; त्याचा पहिला सामना परगांवींच झाला आणि तो हरला. दुसरा, २५ सप्टेंबर १९७१ रोजीं, घरच्या मैदानावर झेव्हियरविरुद्ध, शेवटच्या चालीवर १५ विरुद्ध १३ असा जिंकला. विद्यापीठाच्या आवारांत मृतांच्या स्मरणार्थ एक कारंजें आहे. दर वर्षीं १४ नोव्हेंबरला त्याचें पाणी बंद करतात, तें वसंत ऋतूंत पुन्हा सुरू होतें.

रात्रीचा सामना आटोपून निघालेलें विमान बहुधा उत्तररात्रीं घरीं पोंचतें. दुखऱ्या सांध्यांवर बर्फ बांधून मुलें खोल्यांकडे जातात. मालमोटार सावकाश मागून येते. रविवारीं गणवेष धुवून वाळत पडतात आणि बूट पुन्हा खणांत लागतात. मंगळवारीं सरावाच्या मैदानावर राखीव संघांतील मुलांना निराळ्या क्रमांकांचे अंगरखे वांटले जातात.